समुद्रकाठच्या लिंक्स मैदानावर गोल्फ : पुण्यातील खेळाडूंचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

येरवड्याच्या पूना क्लब मैदानावर किंवा बावधनपलीकडच्या डोंगरउतारांवर नियमित खेळणारे अनेक जण आता स्कॉटलंड-आयर्लंडच्या किनाऱ्यावर खेळण्याचा बेत आखतात. निघण्यापूर्वी, आणि कित्येकदा तिथली पहिली फेरी खेळून गोंधळल्यानंतर, त्यांच्याकडून जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात ते येथे एकत्र केले आहेत. नियमांविषयीची उत्तरे २०२३ पासून लागू असलेल्या नियमावलीला धरून आहेत. एखादी गोष्ट दुसऱ्या उत्तरात सविस्तर आली असेल, तर तेथे त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. लिंक्स म्हणजे नेमके काय? समुद्राला लागून असलेले कोणतेही मैदान लिंक्सच म्हणायचे का?

नाही. समुद्र दिसतो म्हणून मैदान लिंक्स ठरत नाही, ते ठरते जमिनीवरून. समुद्र मागे हटला, त्याने मागे ठेवलेली वाळू वाऱ्याने आत लोटली, तिच्या टेकड्या झाल्या आणि त्यांवर सावकाश बारीक, चिवट गवत धरले. पुळण आणि शेतजमीन यांच्यामधला हा नापीक पट्टा म्हणजे लिंक्सची जमीन. पिकाला निरुपयोगी असल्यामुळे तिथे मेंढ्या चरत, ससे बिळे करीत आणि गावकरी गोल्फ खेळत. पाणी वाळूतून झपाट्याने निथळते, म्हणून पृष्ठभाग वर्षभर टणक राहतो. झाडे जवळजवळ नसतात, त्यामुळे वाऱ्याला काहीच आडवे येत नाही.

गवतातला फरक पुणेकराला पहिल्याच फटक्याला जाणवतो. आपल्याकडची हरळी जाड, आडवी पसरणारी आणि चेंडूला किंचित उचलून धरणारी असते. तिथले फेस्क्यू गवत सुईसारखे बारीक असते आणि फेअरवेवर, म्हणजे कापलेल्या गवताच्या मुख्य पट्ट्यावर, चेंडू जवळपास जमिनीलाच टेकून बसतो. कॅलिफोर्नियातील पेबल बीच समुद्राला कितीही खेटून असले, तरी ते कड्यावरचे मैदान आहे, लिंक्स नव्हे.

२. मग कोकणात असे मैदान का नाही? पहिल्यांदा जायचे तर कुठे जावे?

कोकणात वाळूची पट्टी संपली की माड, सुरूची झाडे आणि जांभ्याचे सडे लागतात. शिवाय फेस्क्यूला थंड, दमट हवा लागते आणि ती आपल्या किनाऱ्यावर नाही. गोल्फचा इतिहास मात्र आपल्याकडे तोकडा नाही. कोलकात्याचा रॉयल कलकत्ता गोल्फ क्लब १८२९ सालचा असून ब्रिटिश बेटांबाहेरील तो सर्वांत जुना क्लब मानला जातो.

पहिल्या प्रवासासाठी माझी पसंती स्कॉटलंडच्या पूर्व किनाऱ्याला आहे. सेंट अँड्र्यूजमध्ये मुक्काम ठेवला, तर तिथे एका ठिकाणी सात सार्वजनिक मैदाने मिळतात आणि कार्नूस्टीचे मैदानही मोटारीने सहज गाठता येते. जुबिली, ईडन किंवा १८९५ सालचे ‘न्यू’ यांपैकी एखादे मैदान आधी खेळावे आणि तिथल्या सर्वांत जुन्या मैदानाला, ओल्ड कोर्सला, नंतर जावे. पहिल्याच दिवशी प्रवासाचा शीण घेऊन ओल्ड कोर्सवर उभे राहणाऱ्याला त्या मैदानाची खुबी कळत नाही. पश्चिमेला प्रेस्टविक आहे, जिथे १८६० साली ओपन ही ब्रिटनमधील प्रमुख गोल्फ स्पर्धा पहिल्यांदा झाली. आयर्लंडमध्ये बॅलीबनियन आणि लाहिंच, तर उत्तर आयर्लंडमध्ये रॉयल पोर्टरश आणि रॉयल काउंटी डाउन आहेत. उत्तर आयर्लंड ब्रिटनमध्ये मोडते आणि आयर्लंड हा वेगळा देश आहे, हे व्हिसाचा अर्ज करताना लक्षात ठेवावे. दोन्हीकडे खेळायचे असल्यास ब्रिटिश-आयरिश व्हिसा योजनेच्या चालू अटी आधी वाचाव्यात. ऑस्ट्रेलियात आप्त असणाऱ्यांना टास्मानियातील बार्नबूगल ड्यून्स हा उत्तम पर्याय आहे.

३. कोणत्या महिन्यात जाणे योग्य?

मे ते सप्टेंबर. सुदैवाने यांपैकी जूनपासूनचे महिने पुण्यात पावसाचे आणि चिखलाचे असतात, त्यामुळे इथला खेळ फारसा बुडत नाही. जूनच्या अखेरीस सेंट अँड्र्यूजला रात्री दहाच्या सुमारासही उजेड असतो, म्हणून दुपारी चारला सुरू केलेली फेरीही निवांत पूर्ण होते. हिवाळ्यातही मैदाने खुली असतात, पण त्या काळातील एका वेगळ्या अटीसाठी प्रश्न १७ पाहावा.

४. ओल्ड कोर्स सार्वजनिक आहे म्हणतात, मग तिथे खेळायला वेळ का मिळत नाही?

मैदान सार्वजनिकच आहे. सेंट अँड्र्यूज लिंक्स ट्रस्ट त्याची व्यवस्था पाहतो आणि तिथे खेळण्यासाठी कोणाचेही सभासदत्व लागत नाही. अडचण मागणीची आहे. खेळ सुरू करण्याच्या काही वेळा आदल्या वर्षीच आरक्षित होतात. उरलेल्यांपैकी अनेक वेळा रोजच्या सोडतीने दिल्या जातात आणि ही सोडत खेळण्याच्या दोन दिवस आधी निघते. तिच्यात किमान दोन खेळाडूंनी मिळून नाव द्यावे लागते. एकट्याने आलेल्यासाठी वेगळी सोय असते. काही स्पर्धांचा अपवाद सोडला, तर रविवारी मैदान खेळासाठी बंद असते आणि गावकरी तिथे फिरायला येतात. त्यामुळे ज्यांना सोडतीवर भिस्त ठेवायची आहे, त्यांनी सोमवार ते शनिवार असा सलग मुक्काम ठेवून रोज नाव द्यावे. शुक्रवार-शनिवारपुरते येऊन नशिबाला दोष देण्यात अर्थ नाही.

खाजगी क्लबांचे दिवस निराळे असतात. स्कॉटलंडमधील म्युअरफील्डमध्ये पाहुण्यांना मंगळवारी आणि गुरुवारी प्रवेश मिळतो. विमानाची तिकिटे काढण्यापूर्वी प्रत्येक क्लबचे पाहुण्यांचे वार तपासणे आवश्यक आहे.

५. माझा हँडिकॅप २२ आहे. अशा अवघड मैदानावर जाऊन उपयोग आहे का?

निश्चित आहे. हँडिकॅप म्हणजे खेळाडूच्या कौशल्यानुसार त्याला मिळणारे अधिकचे फटके. इंडियन गोल्फ युनियनच्या व्यवस्थेत नोंदवलेला हँडिकॅप जागतिक पद्धतीत ग्राह्य धरला जातो. त्याचा दाखला मात्र जवळ ठेवावा, कारण नामांकित मैदानांवर तो मागितला जातो. मैदान अवघड असेल, तर त्याचा हिशेब हँडिकॅपमध्ये आधीच केलेला असतो. एखाद्या टीचा (होल सुरू करण्याच्या जागेचा) स्लोप, म्हणजे अवघडपणाचा आकडा, १३० असेल, तर २२ ला १३० ने गुणून ११३ ने भागल्यावर सुमारे २५ येतात. कोर्स रेटिंग (निष्णात खेळाडूला लागणारे अपेक्षित फटके) आणि पार (मैदानाचे ठरलेले फटके) यांतला फरक त्यात मिळवला की त्या दिवशीचे आपले अधिकचे फटके ठरतात. पहिल्या दोन-तीन फेऱ्या स्टेबलफोर्ड पद्धतीने, म्हणजे प्रत्येक होलला वेगळे गुण देऊन, खेळाव्यात, म्हणजे एखाद्या होलवर नऊ-दहा फटके गेले तरी त्या होलपुरतेच नुकसान होते.

आणि तिथे फजिती फक्त हौशी खेळाडूंचीच होते असे समजू नये. १९९९ च्या ओपनमध्ये फ्रान्सचा जाँ व्हान द व्हेल्द कार्नूस्टीच्या शेवटच्या होलवर तीन फटक्यांची आघाडी घेऊन आला, बॅरी बर्न या ओढ्यात अडकला, त्या होलवर सात फटके घेतले आणि प्लेऑफमध्ये पॉल लॉरीकडून हरला. २००७ साली त्याच होलवर पॉड्रिग हॅरिंग्टनने दोनदा चेंडू ओढ्यात घातला आणि तरीही प्लेऑफ जिंकून करंडक नेला. आपल्याकडचे उदाहरण द्यायचे तर शुभंकर शर्मा २०२३ च्या ओपनमध्ये, रॉयल लिव्हरपूलच्या लिंक्सवर, संयुक्त आठवा आला.

६. पुण्यात माझा सात नंबरचा आयर्न (लोखंडी क्लब, म्हणजे गोल्फची काठी) १५० यार्ड जातो. तिथेही तेवढाच जाईल का?

हवेतून तेवढा जाणार नाही. पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंचीवर आहे. इथली हवा किंचित विरळ असल्यामुळे चेंडूला साधारण दोन टक्के अंतर फुकट मिळते. त्यात आपली उन्हाळी हवा ३५ अंशांची आणि तिथली उन्हाळी सकाळ १२ अंशांची. थंड हवा दाट असते आणि थंड चेंडूही कमी उसळतो. दोन्ही मिळून वारा नसतानाही निम्म्या ते एका क्लबाचा, म्हणजे काठीच्या एका क्रमांकाचा, फरक पडतो.

जमिनीला टेकल्यानंतर मात्र हिशेब उलटतो, कारण टणक फेअरवेवर चेंडू खूप धावतो. म्हणून प्रत्येक क्लबासाठी हवेतले अंतर आणि एकूण अंतर असे दोन आकडे वेगवेगळे लक्षात ठेवण्याची सवय लावावी. ओढा किंवा बंकर (वाळूचा खड्डा) ओलांडायचा असेल तेव्हा पहिला आकडा, ग्रीनवर (होलभोवतीच्या बारीक कापलेल्या हिरवळीवर) पोहोचायचे असेल तेव्हा दुसरा. मऊ, पाणी दिलेल्या मैदानांवर हे दोन आकडे जवळजवळ सारखेच असतात, म्हणून आपल्याला हा भेद करण्याची गरजच कधी पडलेली नसते.

७. वाऱ्यात फटका कसा मारावा? जोर लावला की चेंडू आणखी वर जातो.

जोर लावल्यामुळेच तो वर जातो. जोराच्या फटक्याने चेंडूला उलटी फिरकी जास्त मिळते, आणि समोरचा वारा त्या फिरकीच्या आधारे त्याला उचलतो. म्हणून मोठा क्लब घेऊन हलका झोका देणे हाच उपाय आहे. मूठ दोन बोटे खाली धरावी, चेंडू नेहमीपेक्षा थोडा मागे ठेवावा आणि फटका संपताना हात छातीच्या उंचीवरच थांबवावेत. चेंडू बुटका निघतो आणि वाऱ्याच्या तावडीत कमी वेळ राहतो.

किती क्लब वाढवायचे, याचा खेळाडूंमध्ये रूढ असलेला एक ढोबळ हिशेब उपयोगी पडतो. समोरच्या वाऱ्यात ताशी दर मैलाला एक टक्का अंतर वाढवून धरायचे आणि मागच्या वाऱ्यात अर्धा टक्का कमी करायचे. म्हणजे १५० यार्डांचा फटका ताशी २० मैलांच्या समोरच्या वाऱ्यात १८० यार्डांचा होतो, पण तेवढ्याच मागच्या वाऱ्यात तो १३५ यार्डांचाच भरतो. वारा जेवढे हिरावतो तेवढे परत देत नाही, हे एकदा पक्के समजले की निवड चुकत नाही. मागून वारा असताना आणखी एक सावधगिरी लागते. फिरकी चेंडूला धरून ठेवत नाही, त्यामुळे तो ग्रीनच्या बराच अलीकडे टाकावा लागतो. आडव्या वाऱ्याशी झुंजण्याऐवजी चेंडू वाऱ्याच्या बाजूला सोडावा आणि त्याला परत येऊ द्यावे.

रॉयल ट्रूनचा आठवा होल, ज्याला ‘पोस्टेज स्टँप’ म्हणतात, अवघा १२३ यार्डांचा आहे. १९५० च्या ओपनमध्ये एका जर्मन हौशी खेळाडूला तिथे १५ फटके लागले. १९७३ साली, वयाच्या ७१ व्या वर्षी, जीन सॅराझेनने त्याच होलवर एका फटक्यात चेंडू घातला. तिथल्या होलची लांबी पाहून अवघडपणा ठरवता येत नाही, तो त्या दिवशीच्या वाऱ्यावर ठरतो.

८. उंच मारलेला चेंडू ग्रीनवर पडूनही पलीकडे जातो. तो थांबवायचा कसा?

तो थांबवण्याचा हट्ट सोडावा, एवढेच सांगणे आहे, आणि या पानावरचे सर्वांत महत्त्वाचे उत्तर मी याच प्रश्नाचे मानतो. आपण लहानपणापासून हवेतला गोल्फ खेळत आलो आहोत. समोर ओली, मऊ ग्रीन असते, वेजने (चेंडू उंच उडवणाऱ्या क्लबने) चेंडू वर उडवायचा आणि तो पडेल तिथे बसतो. लिंक्सवर जमीन हा फटक्याचाच उत्तरार्ध असतो. सीमारेषेवरचा क्षेत्ररक्षक यष्टिरक्षकाकडे एक टप्पा देऊन चेंडू फेकतो, त्या हिशेबाने इथे विचार करावा लागतो.

समजा चेंडू ग्रीनपासून ३० यार्ड अलीकडे, सपाट फेअरवेवर आहे. वेज पिशवीतच राहू द्यावा आणि सात किंवा आठ नंबरचा आयर्न घ्यावा. आधी चेंडूपासून निशाणापर्यंत चालत जावे, वाटेतले उंचवटे पायांना जाणवू द्यावेत आणि चेंडू कुठे टेकवायचा ती जागा, एखादा फिक्या गवताचा ठिपकाही चालेल, नक्की करावी. मग पाय जवळ घेऊन, चेंडू मागच्या पायाच्या रेषेत ठेवून, वजन पुढच्या पायावर टाकून, मनगट न मोडता पटरसारखा (ग्रीनवर चेंडू घरंगळवण्याच्या क्लबसारखा) झोका द्यावा. चेंडू जेमतेम गुडघ्याएवढा उठतो, ठिपक्यावर टेकतो आणि तिथून उताराप्रमाणे वळत जातो. गवत कापलेले आणि वाट मोकळी असेल, तर सरळ पटरच वापरावा. ग्रीनच्या वीस-तीस यार्ड बाहेरून पटरने खेळण्यात कमीपणा नाही, तिथले मुरलेले खेळाडू तेच करतात.

वेज का नको, याला कारण आहे. क्लबच्या तळाचा फुगवटा मऊ मातीत घसरण्यासाठी बनवलेला असतो. टणक जमिनीवर तोच आपटून उसळतो, क्लबची कड चेंडूच्या पोटात बसते आणि चेंडू ग्रीनच्या पलीकडच्या झुडपांत जातो. वेज न्यायचाच असेल, तर कमी फुगवट्याचा न्यावा.

यानंतरही सुरेख खेळलेला चेंडू एखाद्या खळग्याला लागून बंकरकडे वळतोच. तसे झाले म्हणून पुढच्या फटक्याची पद्धत बदलू नये.

९. याचा सराव पुण्यात कसा करायचा?

एप्रिल-मे हा सर्वांत चांगला काळ, कारण तेव्हा जमीन तापून टणक झालेली असते. जिथे पाणी कमी पोहोचते असा फेअरवेचा कडेचा भाग निवडून, मैदानाच्या परवानगीने, ३० ते ५० यार्डांवरून एकाच आयर्नने बुटके फटके मारावेत. जून-जुलैत पश्चिमेकडून जोराचा वारा सुटतो. बहुतेक जण अशा दिवशी घरी बसतात, पण पावसाची उघडीप मिळाली तर त्याच वाऱ्यात दोन क्लब मोठा घेऊन पाऊण झोक्याचा सराव करावा. आणि चालण्याची सवय ठेवावी, कारण लिंक्सवर बग्गी बहुतेक ठिकाणी वैद्यकीय कारणाशिवाय मिळत नाही.

१०. तिथले बंकर एवढे भीतिदायक का? त्यातून बाहेर कसे यावे?

पॉट बंकर आकाराने लहान, पण खोल असतो आणि त्याची भिंत गवताच्या पोळ्या एकावर एक रचून जवळजवळ उभी बांधलेली असते. शिवाय भोवतालची जमीन त्याच्याकडे उतरती असते, त्यामुळे लांबून जाणारा चेंडूही आत ओढला जातो. आत उतरल्यावर कित्येकदा भिंतीची कड खांद्याच्याही वर येते, समोर फक्त गवताचे थर दिसतात आणि वर निशाणाचे टोकही दिसत नाही.

अशा वेळी प्रश्न एकच असतो: सर्वांत सोपी वाट कोणत्या बाजूने आहे? बहुतेकदा ती बाजूला किंवा मागे असते आणि तीच घ्यावी. एक फटका गमावून फेअरवेवर येणे हा तिथला शहाणपणा आहे. १९९५ च्या ओपनमध्ये ओल्ड कोर्सच्या चौदाव्या होलवरच्या ‘हेल बंकर’मधून बाहेर यायला जॅक निक्लॉसला चार फटके लागले आणि तो होल दहावर संपला. त्याच्याहून आपले मनगट बळकट असल्याचे गृहीत धरू नये.

चेंडू भिंतीला अगदी चिकटला असेल, तर तो न खेळण्याजोगा जाहीर करता येतो. एका दंड फटक्यात आधीच्या जागी परत जाता येते, किंवा बंकरच्या आतच निशाणापासून मागे सरळ रेषेत अथवा दोन क्लब-लांबींच्या आत ड्रॉप घेता येतो, म्हणजे चेंडू हाताने खाली सोडता येतो. दोन दंड फटके पत्करले, तर त्याच मागच्या रेषेवर बंकरबाहेर येता येते. सुटी पाने, काटक्या, खडे उचलण्यास मनाई नाही. सराव म्हणून झोका घेताना वाळूला क्लब लावण्यास मात्र आहे.

११. गोर्समध्ये किंवा उंच गवतात गेलेला चेंडू सापडतच नाही. काय करावे?

आपल्याकडे पुढे उभा असलेला आगेवाला चेंडू कुठे पडला ते दाखवतो, त्यामुळे आपली स्वतःची नजर चेंडूवर शेवटपर्यंत राहत नाही. तिथे आगेवाला नसतो. चेंडू टेकेपर्यंत मान वर करून पाहणे, त्याच्या रेषेत दूरवरची खूण धरणे आणि सोबतच्यांनीही पाहणे, ही शिस्त पाळल्याने वाचणारे फटके ड्रायव्हर या लांब फटक्याच्या कोणत्याही नव्या क्लबने वाचणार नाहीत.

शोधायला तीन मिनिटे मिळतात आणि ती खेळाडूने किंवा त्याच्या कॅडीने (पिशवी वाहणाऱ्या मदतनिसाने) शोध सुरू केल्यापासून मोजली जातात. शंका असेल तर पुढे जाण्यापूर्वीच ‘प्रोव्हिजनल’ (तात्पुरता चेंडू) असे स्पष्ट सांगून दुसरा चेंडू मारावा. न सांगता मारला, तर तोच खेळातला चेंडू ठरतो आणि पहिला सापडूनही उपयोग राहत नाही. गोर्स ही पिवळ्या फुलांची दाट काटेरी झुडपे असतात. वसंतात ती देखणी दिसतात, पण त्यांत हात घालून शोधण्याच्या फंदात पडू नये.

१२. सामान काय न्यावे? पुण्याचा रेनकोट आणि छत्री चालेल का?

छत्री वाऱ्यात टिकत नाही. वारा अडवणारे आणि पाणी न शिरणारे, पण खांद्यांना मोकळे असे जाकीट व विजार, दोन्ही हातांचे पावसाळी मोजे, लोकरी टोपी आणि आत पातळ थर, एवढे जुलैतही लागते. बूट जलरोधक हवेत आणि प्रवासाआधी पायात मुरवलेले हवेत. चेंडू नेहमीच्या दुप्पट न्यावेत.

१३. कॅडी घ्यावा का? आणि समोर काही दिसतच नाही अशा होलवर नेम कसा धरायचा?

पहिल्या फेरीला अवश्य घ्यावा. तिथे कॅडी आपोआप मिळत नाही, आधी सांगून ठेवावा लागतो आणि त्याचा मेहनताना आपल्या तुलनेत बराच असतो. चौघांत एक घेतला तरी फायदा होतो. तो पिशवी वाहण्यापेक्षा रेषा दाखवण्यासाठी जास्त उपयोगी असतो, कारण वाळूच्या टेकडीआड लपलेल्या ग्रीन तिथे पुष्कळ आहेत. लाहिंचचा पाचवा होल, ‘डेल’, हा पार तीनचा असूनही टीवरून ग्रीन दिसत नाही. टेकडीवर ठेवलेला पांढरा दगड त्या दिवशीच्या निशाणाची रेषा दाखवतो. असा फटका मारण्याआधी पुढचे खेळाडू ग्रीनवरून हटल्याची खात्री करूनच खेळावे.

१४. पहिल्या नऊ होलवर उत्तम खेळलो आणि परतताना सगळे बिघडले. असे का होते?

अनेक जुनी मैदाने किनाऱ्याने सरळ जाऊन त्याच वाटेने परतणारी आहेत. जाताना वारा पाठीशी असेल, तर येताना तो तोंडावर असतो, आणि प्रश्न ७ मध्ये सांगितल्याप्रमाणे तोंडावरचा वारा दुप्पट महाग पडतो. त्यामुळे अर्ध्या वाटेवरच्या गुणांवरून काही अनुमान काढू नये. म्युअरफील्ड याला अपवाद आहे. तिथले पहिले नऊ होल घड्याळाच्या काट्यांप्रमाणे बाहेरून फिरतात आणि नंतरचे नऊ उलट दिशेने आतून, म्हणून वारा सतत बाजू बदलतो.

१५. सोबत येणारे कुटुंबीय गोल्फ खेळत नाहीत. त्यांचे काय?

सेंट अँड्र्यूजमध्ये ओल्ड कोर्सशेजारीच ‘हिमालयाज’ नावाचे, चढउतारांनी भरलेले अठरा होलचे पटिंगचे मैदान आहे. ते १८६७ साली स्थापन झालेल्या महिलांच्या पटिंग क्लबचे आहे आणि अल्प शुल्कात कोणालाही खेळता येते. लहान मुले आणि आजी-आजोबा एकाच खेळात रमतात.

१६. ग्रीनवर वाऱ्याने चेंडू हलला तर दंड लागतो का?

दंड लागत नाही. चेंडू कुठून खेळायचा हे मात्र एका गोष्टीवर ठरते. तुम्ही तो खूण करून उचललेला आणि परत ठेवलेला असेल, तर त्यानंतर वाऱ्याने हलला तरी मूळ जागी आणून ठेवावा. तो अजून उचललेलाच नसेल, तर नव्या जागेवरून खेळावा, मग ती जागा होलपासून दूर असो की जवळ. म्हणून वादळी दिवशी ग्रीनवर पोहोचताच खूण करून चेंडू उचलणे आणि परत ठेवणे हिताचे. २०१५ च्या ओपनमध्ये सेंट अँड्र्यूजला वाऱ्याने चेंडू ग्रीनवर ठरेनात, म्हणून शनिवारी खेळ थांबवावा लागला आणि स्पर्धा सोमवारी संपली. लिंक्सच्या ग्रीन मुद्दाम थोड्या संथ ठेवल्या जातात, त्याचेही कारण हेच आहे.

१७. ओल्ड कोर्सवर दोन होलांची एकच ग्रीन, रस्ता, भिंत असे काय काय आहे. तिथे कोणते नियम लागतात?

चौदा होलांच्या मिळून सात जोडग्रीन आहेत आणि जोडीच्या होलांचे क्रमांक मिळवले की १८ होतात: दुसरा-सोळावा, तिसरा-पंधरावा, याप्रमाणे. आपल्याकडे चेंडू दुसऱ्या होलच्या ग्रीनवर थांबला, तर दंडाशिवाय ग्रीनबाहेर ड्रॉप घ्यावाच लागतो. जोडग्रीन ही एकच ग्रीन धरली जाते, त्यामुळे तिथे पटच करावा लागतो, मग तो शंभर फुटांचा असला तरी. निशाण नीट पाहावे: जातानाचे पांढरे, परतीचे लाल.

सतराव्या होलमागचा रस्ता मैदानाचाच भाग आहे, त्यावरून सुटका नाही, चेंडू असेल तसा खेळायचा. त्यापलीकडची भिंत सीमा आहे आणि सीमेच्या वस्तूपासूनही मोफत सुटका मिळत नाही. २०१० साली मिगेल आंखेल हिमेनेझने चेंडू मुद्दाम त्या भिंतीवर आपटून ग्रीनवर आणला होता. साध्या खेळाडूने पटर घेऊन भिंतीपासून दूर यावे.

हिवाळ्यात ओल्ड कोर्सवर फेअरवेचे गवत वाचवण्यासाठी चेंडू छोट्या चटईवर ठेवून मारावा लागतो. ज्यांना अस्सल जमिनीचाच अनुभव हवा आहे, त्यांनी ते महिने टाळावेत.

१८. चेंडू सशाच्या बिळात गेला, आणि बीळ गोर्सच्या झुडपात आहे. सुटका मिळते का?

मोकळ्या जागेतल्या बिळापासून दंडाशिवाय सुटका मिळते. पण बीळ नसते तरी झुडपामुळे चेंडू खेळणे उघडच अशक्य झाले असते, तर बिळाचा आधार घेता येत नाही. तेव्हा न खेळण्याजोगा चेंडू जाहीर करून एक दंड फटका घ्यावा लागतो.

१९. चेंडू बंकरच्या भिंतीत, गवताच्या थरांमध्ये रुतला. तो बंकरमध्ये धरायचा का?

गवताच्या पोळ्यांची भिंत नियमाने बंकरचा भाग नाही. त्यामुळे तिथे रुतलेल्या चेंडूला एरवी मोफत सुटका मिळाली असती. मात्र पॉट बंकर असलेल्या मैदानांवर स्थानिक नियमाने ही सवलत काढून घेतलेली असू शकते. स्कोअरकार्डची मागची बाजू पहिल्या टीवर जाण्यापूर्वी वाचावी. भिंतीसमोर उभे राहून वाद घालण्यापेक्षा ते सोपे आहे.

२०. चेंडू थेट पुळणीवर गेला तर तो बाद समजायचा का?

तेही स्कोअरकार्डवरच कळते. काही ठिकाणी पुळण हद्दीबाहेर असते, काही ठिकाणी दंड क्षेत्र, आणि काही ठिकाणी दोन्हीपैकी काहीच नाही. स्कॉटलंडच्या मॅक्रिहॅनिश येथे पहिलाच फटका पुळणीवरून पलीकडे न्यायचा असतो आणि चेंडू वाळूत पडला तरी खेळातच राहतो. अशा वेळी सुटे समुद्रशैवाल, शिंपले आणि वाहून आलेले लाकूड उचलता येते, कारण त्या नैसर्गिक सुट्या वस्तू आहेत. प्लास्टिकची बाटली किंवा दोरखंडही हलवता येतो. चेंडूभोवतीची वाळू मात्र सारता किंवा दाबता येत नाही. भरतीची वेळ आधीच पाहून ठेवावी आणि पाणी चढत असेल, तर चेंडू सोडून द्यावा.